वावरात कोन पायते आपल्याले?



आजची नोंद कपाशीचीच आहे, पण अळीची नाही न् खताचीही नाही. कपड्याची आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास धुऱ्यावरून येत होतो. शेजारच्या वावरात पुतण्याच्या वयाचं पोरगं फवारत होतं. अंगात अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, छातीवर बियाण्याची जाहिरात, पाठीवर कीटकनाशकाची. खाली हाफ पॅन्ट, पायात स्लिपर. पंप झाकणाजवळून गळत होता. ते औषध पाठीवरून कमरेत न् कमरेतून जांघेत उतरत होतं. पोरगं आपलं मोबाईलवर गाणं लावून तासातून चाललं होतं.

म्हटलं, "अरे, फुलपॅन्ट नाही का घरी?"

"हाये ना काका. दोन जीन हायेत. त्या गावात जायाच्या. वावरात कोन पायते आपल्याले?"

रात्रभर हे वाक्य डोक्यात फिरलं. कारण पोरगं खोटं बोललं नाही. आपण सगळेच असे आहोत. कपडा घालतो तो पाहणाऱ्यासाठी. लग्नाला कडक इस्त्री, बाजाराला जीन, तालुक्याला जायचं तर पांढरा शर्ट. आणि विष हाताळायचं, ऊन खायचं, सापाच्या पायवाटेनं चालायचं त्या जागी? घरातलं सगळ्यात फाटकं.

याला कारण आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी मी डवरणी सोडून तसाच एका कार्यालयात गेलो होतो. पायाला चिखल, बंडी घामानं भिजलेली. बाबूनं वर न पाहता सांगितलं, "बाहेर थांबा." दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तर त्याच बाबूनं खुर्ची दाखवली. कागद तोच होता, माणूसही तोच. त्या दिवशी मी शिकलो की चांगला कपडा गावाबाहेर घालायचा. त्या पोरानंही असंच कुठंतरी शिकलं असणार.

पण हा धडा आपल्याला महागात पडतो आहे.

2017 चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. औषधावर औषध मिसळणं चाललं होतं. चौकशी समिती बसली, कंपन्या, कृषी केंद्रं, खातं सगळ्यांवर बोट दाखवलं गेलं. दाखवायलाच पाहिजे होतं. त्याच हंगामात मी बनियन आणि कमरेला दुपट्टा अशा वेशात फवारत होतो. दुपारी डोळ्यांपुढं धूसर झालं, तोंडाला लाळ सुटली, ओकाऱ्या सुरू झाल्या. दोन दिवस सलाईनवर होतो. वाचलो म्हणून लिहितो आहे.

आपल्याला वाटतं, विष तोंडातून न् नाकातून जातं. म्हणून तोंडाला रुमाल बांधला की झालं. पण फवारणाऱ्याच्या अंगात ते सगळ्यात जास्त कातडीतून जातं, आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पॅराथिऑन हे औषध माणसाच्या शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून पाहिलं होतं. हाताच्या पुढच्या भागातून साधारण 9 टक्के आत गेलं. कपाळातून 36 टक्के, काखेतून 64 टक्के, आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. आता त्या पोराचा गळका पंप आठवा. औषध कुठं उतरत होतं? बरोबर त्याच जागी. हातावर पडलं तर आपण धुतो. जांघेत गेलं तर संध्याकाळच्या आंघोळीपर्यंत तसंच राहतं.

आता टी-शर्टबद्दल.

पोळ्याच्या आगेमागे मेळावे होतात. जेवण, टोपी, टी-शर्ट. आपण रांग लावून घेतो, मीही घेतलेत. तो कपडा बहुतेक पॉलिस्टरचा. कापूस आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून तो अंगाला चिकटतो, घाम पीत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात जीव घाबरा होतो. मग पोरं काय करतात? टी-शर्ट काढून उघड्या अंगानं फवारतात. ज्यांनी विष विकलं त्यांनीच कपडा दिला, आणि तोही असा की अंगावर ठेवता येऊ नये. जाहिरातीला आपली पाठ मिळाली, आपल्याला काय मिळालं? राज्यात चाळीस लाख हेक्टरच्या घरात कापूस पिकतो, आणि कापूस पिकवणाऱ्याच्या अंगात पॉलिस्टर.

आता कोणी म्हणेल, जुनं तेच सोनं, आज्याचं धोतर-बंडी बरी होती. त्यांनाही उत्तर देतो.

आज्याच्या कपड्यात अक्कल होती, हे खरं. जागोजागचा कपडा तिथल्या हवेनं घडवलेला असतो. कोकणात भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर इरलं, कारण दोन्ही हात चिखलात गुंतलेले असताना छत्री धरणार कोण? धनगराच्या खांद्यावर घोंगडी, कारण त्याला रात्र उघड्यावर काढायची असते. वाळवंटातले बदायुनी अरब काळा घोळदार झगा घालतात. काळा रंग जास्त ऊन ओढतो, तरी का घालतात, हे 1980 साली संशोधकांनी मोजून पाहिलं. झगा सैल असल्यानं आतून हवा खेळते आणि कापडानं ओढलेली जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आतच निघून जाते. काळ्या न् पांढऱ्या झग्यात अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. आज्याची सैल बंडी याच हिशोबानं काम करायची, त्याला कोणी कागद दाखवला नव्हता.

पण आज्या मोनोक्रोटोफॉस फवारत नव्हता. धोतरात अर्धे पाय उघडे, आणि मऊ सूत औषध पिऊन ते अंगालाच धरून ठेवतं. नांगराला जो कपडा बरा, तो पंपाला बरा नाही. दुसरी गोष्ट, प्रत्येकाच्या आज्याला धोतर मनासारखं नेसता येत होतं का? 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं इतरांसारखं घोट्यापर्यंत नेसा, जातीची ओळख देणारी नेसण्याची तऱ्हा सोडा. बायांनी ती सोडली. ज्यांच्यावर कपडा लादला गेला होता, त्यांच्या नातवाला "जुनाच पोशाख घाला" म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. बॅनरवरचा धोतर-फेट्यातला हसरा शेतकरीही एकदा उतरवा. तो शहरवाल्यांना पाहायला बरा वाटतो, वावरात दिसत नाही.

आपल्या वावरात सगळ्यात शहाणा कपडा कोणाचा असतो, सांगू? वेचणीच्या बायांचा. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं, कमरेला ओटा. बोंडाची वाळली टोकं हाताला ओरबाडतात म्हणून बाह्या, मान भाजते म्हणून फडकं. कोणत्या मेळाव्यात हे शिकवलं? कुठंच नाही. उलट आपणच हसतो, "पाय, मानसाचा शर्ट घातला." हसणं बंद करा आणि शिका.

आता कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले मित्र हे पान वाचतात, त्यांना दोन शब्द. तुम्ही किट वाटता. चांगलं करता. पण त्यातला प्लास्टिकचा अंगरखा 35 डिग्रीत, दमट हवेत, वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन एकदा दोन तास घालून बघा. मग "शेतकरी वापरत नाहीत, निष्काळजी आहेत" असा अहवाल लिहा. 1971 च्या कीटकनाशक नियमांतच लिहिलंय की फवारणाऱ्याला योग्य संरक्षक कपडे पाहिजेत, ते औषध आत जाऊ न देणारे आणि धुता येणारे पाहिजेत. नियमाला पन्नास वर्षं होऊन गेली, विदर्भाच्या सप्टेंबरात घालता येईल असा कपडा अजून कृषी केंद्रात टांगलेला दिसत नाही. 2024 च्या डिसेंबरात बंगळूरच्या संस्थेनं तयार केलेलं 'किसान कवच' जाहीर झालं, कीटकनाशक कापडातच निकामी करणारं, धुऊन पुन्हा वापरता येणारं. आनंद आहे. पण किंमत चार हजार. रोजानं फवारणारा मजूर ते घेणार कसा? घ्यायचं मालकानं, न् अनुदान द्यायचं सरकारनं. हे मी मालक म्हणून बोलतो आहे. आपण औषधाला हजारो घालतो आणि फवारणाऱ्याला "घरचं जुनं काही घालून ये" म्हणतो. यात आपणही दोषी आहोत.

ते कवच मिळेपर्यंत काय करायचं, तर घरातलंच जमवा:

1. फवारणीचा एक जोड वेगळा ठेवा. घट्ट विणीच्या जाड सुती कापडाची फुलपॅन्ट, फुल बाह्यांचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. जुनी जीन असली तरी चालेल. आतून बनियन.
2. पंप आणि पाठ यांच्या मध्ये प्लास्टिकचा कागद बांधा, कमरेखालपर्यंत. गळका वायसर आधी बदला.
3. गमबूट असतील तर पॅन्ट बुटाच्या बाहेरून सोडा. आत खोचली तर औषध बुटात साचते.
4. कपडा भिजला की काम थांबवून बदला. "एवढे दोन तास झाले की" म्हणू नका.
5. तो जोड घरच्या कपड्यांत टाकू नका. वेगळा धुवा, धुताना हातमोजे घाला. नवऱ्याच्या कपड्यातलं विष बायकोच्या हाताला लागतं, लेकराच्या झबल्याला लागतं. आणि हो, धुणं तिच्यावरच टाकायचं असं काही नाही.
6. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारणी नको.

कपडा हेही वावरातलं अवजार आहे. वखराची पास बोथट झाली तर आपण लोहाराकडे पळतो, मग कपड्याच्या बाबतीतच असे कंजूष का?

त्या पोराला आज सकाळी माझी जुनी जाड फुलपॅन्ट नेऊन दिली. कमरेला ढिली होते म्हणाला, सुतळीनं बांधली. जाताना सांगून आलो, "कोन पायते म्हनतोस ना? विष पायते. उघडं कातडं दिसलं की तिथंच शिरते."

यंदाच्या मेळाव्यात टी-शर्ट पुढं आला तर मी परत करणार आहे. म्हणणार आहे, आमच्या पाठीवर तुमचं नाव पाहिजे असेल तर फुल बाह्यांचा, सुती, गळ्यापर्यंत बटणांचा शर्ट द्या, सोबत हातमोजे द्या. तुमच्यातले दहा जणही हेच बोलले तर पुढच्या साली शर्ट बदलेल.

तुमच्या वावरात उद्या कोण फवारणार आहे? त्याच्या अंगात काय आहे, तेवढं आज संध्याकाळी पाहून घ्या.