डबक्याविना जन्मणारा बेडूक

बेडकाचे चरित्र आपल्या शालेय पुस्तकांत बहुधा एकाच साच्याचे असते : पाण्यात अंडी, अंड्यातून शेपटीचा बेडूकमासा, पुढे त्यास पाय फुटतात, शेपूट अंगात जिरते आणि बेडूक भूमीवर येतो. हे वर्णन खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि ह्या अपुरेपणाची किंमत बेडकांना मोजावी लागते, असे माझे मत आहे.

पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवरचा भूचर बेडूक पाहा. रानातील जमिनीवर तो वावरतो. त्याच्या अंड्यांतून बेडूकमासे निघत नाहीत. चार पायांचे इवले बेडूकच बाहेर पडतात. बाळपणाची सारी वाढ अंड्याच्या आत, बलकाच्या शिदोरीवर होते.

हा प्रकार दूरदेशीचाच आहे असे नाही. आपल्या सह्याद्रीतील ‘राओर्केस्टिस’ प्रजातीचे चिमुकले बेडूकही असेच जन्मतात. त्यांपैकी काहींची अंडी जमिनीवरच्या ओल्या पाचोळ्यात असतात. २०१० साली ह्या प्रजातीला नाव मिळाले ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ. त्याच शहरातील इंदिरानगरात बसून मी हे लिहीत आहे.

कोणी म्हणेल, अपवाद मुलांना कशाला सांगावेत? पण डबक्याविना जन्मणाऱ्या बेडकांच्या जगात हजाराहून अधिक जाती आहेत. इतक्यांना अपवाद कसे म्हणावे? शिवाय त्यांच्यावाचून मूळ मर्म कळत नाही. बेडकाच्या अंड्याला कवच नसते. त्याला हवी असते ती ओल. तळी राखली की बेडूक राखले, असे आपण समजतो. परंतु झाडे तुटून रानात ऊन शिरले, पाचोळा जळला, की तळे भरलेले असूनही ही अंडी सुकून जातात.

फिजीवर आणखी एक संकट आले. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी १८८३ साली भारतातून मुंगूस तेथे नेले गेले. त्याने भूचर बेडूकही फस्त केले. आज हा बेडूक मुख्यत्वे मुंगूस न पोहोचलेल्या लहान बेटांवर टिकून आहे. पंचतंत्राच्या कथेत मुंगूस निर्दोष होता, अविचार माणसाचा होता. येथेही तसेच घडले.

म्हणून पाठ्यपुस्तकात एक वाक्य वाढवावे : ‘काही बेडकांचा पाळणा पाण्यात नसून ओल्या पाचोळ्यात असतो.’ तेवढे वाचलेला विद्यार्थी रानातल्या पाचोळ्याला काडी लावण्यापूर्वी क्षणभर थांबेल. मला तेवढे पुरे आहे.