बंदीचा फलक आणि पाण्याचा जोर

जून उजाडला, पहिला जोरदार पाऊस पडला की पनवेल परिसरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. खारघरच्या डोंगरावरून पांडवकडा कोसळू लागतो आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर पोलीस व वनविभागाचा बंदीचा फलक लागतो. गाढी नदीवरचे गाढेश्वर ऊर्फ देहरंग धरण, आसपासचे ओढे, डोंगरवाटा याही बंदीच्या यादीत येतात. सुट्टीच्या दिवशी नाकाबंदी होते, वाहने परत पाठवली जातात. तरीही माणसे जातातच, आणि काही घरी परतत नाहीत.

बंदी अकारण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरच्या याच डोंगरात फिरायला गेलेल्या चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी लोंढ्यात वाहून गेल्या. जुलै २०२१ मध्ये ओढ्याचे पाणी अचानक वाढल्याने शंभराहून अधिक पर्यटक पलीकडच्या काठावर अडकले. त्यांत महिलांची संख्या मोठी होती, लहान मुलेही होती. अग्निशमन दलाने त्यांना सुखरूप बाहेर काढले. त्या दिवशीही तिथे जाण्यास मनाई होतीच. मग प्रश्न पडतो तो असा, की बंदीने नेमके काय साधले?

त्याचे उत्तर शोधण्याआधी धोका कसा निर्माण होतो ते पाहायला हवे. खारघरसारख्या डोंगरातील ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असतो. माथ्यावर जोराची सर आली की ते पाणी काही मिनिटांत पायथ्याशी पोहोचते. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा कदाचित पाऊसही नसतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे मघाशी खेळण्याजोगे वाटणारे गुडघाभर पाणी थोड्याच वेळात धडधाकट माणसाचे पाय उचलते. शेवाळलेला कातळ असेल तर तेवढाही वेळ मिळत नाही. धबधब्याखालच्या डोहात पाण्यात हवा मिसळलेली असते. अशा फेसाळ पाण्यात शरीर नेहमीइतके तरंगत नाही आणि पट्टीचा पोहणाराही दगा खातो.

म्हणजेच धोका ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी असतो. ओढ्याचे पात्र, कड्याखालचा डोह, निसरडा कातळ आणि जोराचा पाऊस सुरू असतानाचे तास. बंदी मात्र साऱ्या डोंगराला आणि साऱ्या पावसाळ्याला लागू होते. दुरून धबधबा पाहणारे आजी-आजोबा आणि डोहात उडी मारणारा तरुण तिच्या लेखी सारखेच. डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडीसारखे आदिवासी पाडे आहेत. पावसाळी पर्यटकांना कणसे, रानभाज्या विकून चार पैसे मिळवण्याची संधीही या फलकाबरोबर जाते.

अशा आदेशांचा कायदेशीर आधार म्हणजे पूर्वीचे कलम १४४ आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. ही तरतूद तातडीच्या प्रसंगासाठी आहे. असा आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांहून अधिक काळ लागू राहू शकत नाही. पावसाळा मात्र दरवर्षी ठरल्या वेळी येतो. जे दरवर्षी होणार हे ठाऊक आहे, त्याला दरवर्षी आणीबाणीचा उपाय करणे म्हणजे कायमची व्यवस्था उभारण्याचे टाळणे होय. कागदावरचा आदेश स्वस्त पडतो. शिवाय दुर्घटना घडलीच, तर ‘आम्ही मनाई केली होती’ असे म्हणता येते. अशा वेळी नियम नागरिकांपेक्षा यंत्रणेचेच अधिक रक्षण करतो.

सरसकट बंदीचा आणखी एक दुष्परिणाम असतो. मुख्य वाटेवर पोलीस उभे असले की हौशी मंडळी आडवाटेने जातात. तिथे कठडा नसतो, दोर नसतो आणि हाक ऐकणारेही कोणी नसते. शिवाय साध्या जागीही बंदी आणि जीवघेण्या जागीही बंदी असली, की फलकाचे गांभीर्य संपते. जून २०२५ मध्ये मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, तरी पुलावर गर्दी होतीच.

याउलट खारघरमध्येच नियमाची खरी गरज होती तेव्हा तो नव्हता. १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. त्यानंतर सरकारने उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत मोकळ्या मैदानावर कार्यक्रम न घेण्याचे ठरवले. हा नियम धोक्याच्या मापाचा आहे. तो कार्यक्रम रोखत नाही, फक्त घातक तास वगळतो.

पाण्याबाबतही असे करता येते. जागतिक आरोग्य संघटनेने बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी सुचवलेल्या उपायांत पाण्याजवळ जाण्यास अटकाव करणारे अडथळे आहेतच. पण त्यांच्याबरोबर पोहण्याचे व जलसुरक्षेचे शिक्षण, तसेच स्थानिकांना बचावाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण हेही आहे. गोव्याने किनारे बंद केले नाहीत. २००८ पासून तिथे प्रशिक्षित जीवरक्षक आहेत आणि कुठे पोहावे, कुठे नाही हे झेंड्यांवरून कळते. साताऱ्याजवळच्या ठोसेघरला प्रेक्षणीय सज्जातून धबधबा पाहता येतो, त्यासाठी डोहाजवळ जावे लागत नाही.

पांडवकड्यासमोर सुरक्षित अंतरावर असा सज्जा, पात्राकडे उतरणाऱ्या वाटांवर पक्के कुंपण, मर्यादित प्रवेश, हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी पूर्ण बंदी आणि पाड्यांतील तरुणांना बचावाचे प्रशिक्षण देऊन रोजगार, एवढे केले तरी चित्र बदलू शकते. यासाठी पैसा, माणसे आणि वनविभाग, सिडको, महापालिका व पोलीस यांच्यात समन्वय लागेल. ते उभे राहीपर्यंत बंदी उठवणे धोक्याचेच ठरेल आणि पर्यटकांनीही ती पाळायलाच हवी. परंतु प्रत्येक जूनमध्ये नवा आदेश काढताना, गेल्या जूनपासून या डोंगरात काय उभे राहिले, याचा हिशेब यंत्रणांनी द्यायला हवा.