निखळलेले बोट ओढू नये

मालिकांमधील हा प्रसंग आपण पाहिला असेल. नायकाचे बोट सांध्यातून निखळते, तो दातओठ खातो, हिसका देऊन ते सरळ करतो आणि पुढच्याच दृश्यात त्याच हाताने मारामारी करतो. इस्पितळावरील मालिकाही घाईतच असतात, मग त्यांची कल्पना एखाद्या वैद्यकीय पदवीधराची का असेना. १९९४ साली सुरू झालेल्या ‘ईआर’चा निर्माता मायकेल क्रायटन तसाच होता. पाऊण तासाच्या भागात एक्स-रेच्या रांगेला जागा कुठली?

प्रत्यक्षात सारे त्या रांगेतच ठरते. न्हाणीघरात पाय घसरून हातावर पडलेल्या आजींचे वाकडे बोट निखळले आहे की मोडले आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. उतारवयात हाडे ठिसूळ असल्याने दोन्ही एकदम घडू शकते. शिवाय बोटाच्या मुळाशी सांधा निखळला असेल, तर तळहाताकडील जाड पडदा नुसत्या ओढण्याने आत अडकतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून शेजारच्या जाणकारालाही बोट ओढू देऊ नका.

सर्वप्रथम अंगठी काढा. साबण लावून निघत नसेल, तर रुग्णालयात ती कापून घ्यावी. सौभाग्याचे लेणे म्हणून अनेकजणी नकार देतात; परंतु अंगठी सोनार जोडून देतो, रक्तपुरवठा तुटलेले बोट कोणी जोडून देत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून लावावा, हात उंच धरावा. बोट पांढरे वा निळे पडले, बधिर झाले किंवा जखमेतून हाड दिसले, तर तासभरही थांबू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तेथे बोटाच्या मुळाशी इंजेक्शनने भूल देतात. मग सांधा बहुधा फारशा वेदनेविना जागेवर बसतो, आणि तो नीट बसला का, हे पाहण्यासाठी पुन्हा एक्स-रे काढतात. नंतर बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधतात. ते किती दिवस बांधायचे आणि हालचाल कधी सुरू करायची, हे तेथेच विचारून घ्यावे. कारण गरजेपेक्षा अधिक काळ जखडलेले बोट आखडते. सूज मात्र कित्येक महिने रेंगाळते. तेवढ्यावरून उपचार चुकले असे समजू नये. पण अंगठी पुन्हा घालण्याची घाईही करू नये.