नापास गाडी, गरीब प्रवासी

भोर तालुक्यात आंबवड्यासारख्या गावी एस.टी. चुकली की वडापशिवाय गत्यंतर नसते. जीपचे ब्रेक धड आहेत का, हे विचारत बसायला रोजगार बुडण्याच्या धास्तीत असलेल्या आमच्या माणसाला सवड कुठली?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५६ स्पष्ट आहे. योग्यता प्रमाणपत्र नसलेल्या प्रवासी वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजेच तपासणीत नापास झालेली गाडी चालविणे गुन्हा आहे. पण तपासणीच कागदावर उरकली तर? पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांना यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवावी लागली. ब्रेक तपासायला आर.टी.ओ.कडे २५० मीटरचा ट्रॅक हवा, हेही न्यायालयालाच बजावावे लागले.

१९२९ साली चाळीसगावच्या टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्याचे नाकारले. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि पुलावर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा जातीने वाहन नाकारले. आज पैसे मोजून वाहन मिळते. पण शहराने टाकून दिलेले खटारेच गरिबाच्या वाट्याला येतात.

अपघात झाला की ड्रायव्हर तुरुंगात जातो. मालक आणि डोळे झाकून सही करणारा अधिकारी सहसा नामानिराळे राहतात. नुसते वडाप पकडून आमचा माणूस पायीच चालणार असेल, तर तो न्याय नव्हे. नापास गाडी थांबवा आणि त्याच रस्त्यावर एस.टी.ची फेरी वाढवा, ही आमची मागणी आहे. कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तपासणीच्या नोंदी मागवाव्यात. घटनेच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क प्रवासातही लागू आहे.