गाव म्हणजे आपला रविवार नव्हे

पाऊस सुरू झाला की बेळगावातल्या पोरांचे मोबाईल हिरवे होतात. राजहंसगडावरचं धुकं, जांबोटीकडची वाट, कणकुंबीचा पाऊस, चुलीवरची भाकरी. खाली एकच ओळ: ‘सुख म्हणजे गाव.’ फोटो काढायला कुणाची ना नाही. पण मित्रांनो, त्या फोटोत जो माणूस चिखलात वाकून रोप लावतोय, त्याचं सुख-दुःख आपल्याला कितपत ठाऊक आहे?

शहरातला माणूस गावाबद्दल दोनच गोष्टी बोलतो. एक तर ‘किती शांत आहे’, नाहीतर ‘इथं काय ठेवलंय’. दोन्ही बोलणी लांबूनची. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातला बासमती आपण पाहुण्यांना कौतुकानं वाढतो. तोच शिवार रस्त्याखाली जायला लागला तेव्हा हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात भांडले. त्यांच्या बाजूला शहरातले आपण किती होतो?

सीमाभागात हा प्रश्न नुसत्या शेतीचा नाही. आपली मराठी शहरात दुकानाच्या पाटीवरून भांडते, गावात मात्र ती रोज जगते: भजनात, तालमीत, पारायणात, ग्रामपंचायतीच्या बाकड्यावर. जुलै 2014 मध्ये येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ फलक काढला, तेव्हा लाठ्या गावकऱ्यांनी खाल्ल्या. 1956 पासून हा लढा टिकला तो बराचसा खेड्यांच्या जिवावर. आपण 1 नोव्हेंबरला काळी फीत बांधतो, ते बरोबरच आहे. पण उरलेले 364 दिवस गावच सीमा सांभाळतं.

आणि त्या गावाच्या हातात काय पडतं? उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, पीक नुकसानीचा अर्ज कन्नडमध्ये. ज्या जमिनीवर आज्यापासून घाम गाळला, तिच्या कागदावर काय लिहिलंय हे म्हाताऱ्याला वाचता येत नाही. मग तो कुणाला तरी पैसे देऊन वाचून घेतो आणि सांगेल तिथं अंगठा उठवतो. मराठीत कागदपत्रं द्या ही मागणी म्हणून काही हौसेची नव्हे की हो. ती त्याच्या जमिनीची राखण आहे.

दुसरी गोष्ट शाळेची. घटनेचं कलम 350 अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. पण पट कमी झाला की शाळेवर गंडांतर येतं, आणि पट कमी होतो कारण गावातून शहरात आलेले आपण आपली पोरं इंग्रजीत घालतो आणि गावाला सांगतो, ‘मराठी शाळा टिकवा.’ हा कुठला न्याय?

काहीजण म्हणतील, पोटासाठी शहर धरलंय, गावाचं ओझं कुठं घेऊ? खरं आहे. पिरनवाडी, उद्यमबागच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा पोरगा रोज गावाला जाऊ शकत नाही. कुणी नोकरी सोडून नांगर धरा असं म्हणतही नाही. पण शहरात शिकताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना कन्नड लिहिता-वाचता आलं. मराठीचा हक्क मागायचा तो मागूच. पण तो मिळेपर्यंत हे कन्नड गावाच्या कामाला का येऊ नये? महिन्यातून एक रविवार गावातल्या देवळात बसा. चार जणांचे उतारे वाचून द्या, नावात चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या, मराठीत प्रत मागणारा अर्जही त्यालाच जोडा आणि पोच घ्या. तलाठ्यापुढं एकटा म्हातारा उभा राहणं वेगळं, आणि सोबत शिकलेला नातू असणं वेगळं.

गाव आपली आठवण सांभाळायला बसलेलं नाही. त्याला आजचे प्रश्न आहेत आणि आजच माणसं हवीत. पुढच्या रविवारी गडावर जरूर जा. फक्त उतरताना गावात थांबा आणि विचारा, ‘काका, कुठला कागद वाचायचा राहिलाय काय?’