सोमवारी घोडा का आखडतो?

घोड्याला मालीश म्हटले की आपल्याकडचे लोक हसतात. शर्यतीच्या घोड्याचे लाड ते. गाडीच्या किंवा वरातीच्या घोड्याला कशाला, असे म्हणतात. आमचे मत अगदी उलट आहे. शर्यतीच्या घोड्याला पाहायला डॉक्टर असतो, गाडीच्या घोड्याला फक्त धन्याचा हात.

खरारा सगळेच करतात, पण तो केसांसाठी. खरारा झाल्यावर उघडा तळवा मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सावकाश फिरवावा. निरोगी स्नायू मळलेल्या कणकेसारखा दबतो. आखडलेला लाकडासारखा लागतो, आणि तेथे हात पडताच घोडा कान मागे टाकतो, शेपूट झटकतो किंवा पाठ खाली घेतो. तेथे बोटे खुपसू नयेत. मनगटाजवळच्या तळव्याने हळूहळू गोल चोळावे. कण्याच्या हाडावर दाब देऊ नये. घोड्याने मान खाली सोडली, ओठ सैल केला, तोंड चघळले, की आराम पडला समजावे.

रोज त्याच जागी गाठ सापडू लागली, तर दोष आपल्या सामानात शोधावा. दोन चाकांची गाडी पुढे जड भरली की दांड्यांचा भार पाठीवर येतो. उलाळ झाली की तंग पोटाला ओढतो. नालबंदी चुकली तरी तेच. हे न बदलता चोळत बसण्यात अर्थ नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. आठवडाभर राबणाऱ्या घोड्याला आपण रविवारी विश्रांती देतो, ते योग्यच. पण चंदी रोजची पुरी घालतो आणि दिवसभर बांधून ठेवतो. सोमवारी जुंपल्यावर थोड्याच वेळात तो घामाघूम होतो, मागचे पाय टाकेनासा होतो, पुठ्ठे दगडासारखे होतात. विलायतेत या दुखण्याला सोमवारचा रोगच म्हणत. लघवी कॉफीसारखी काळसर दिसली, तर स्नायू मोडून त्यांतला रंग मूत्रपिंडांतून चालला आहे आणि जिवाला धोका आहे, हे ओळखावे. अशा वेळी मालीश नको, आणि चालवून मोकळा करतो म्हणून ओढत नेणेही नको. गाडीतून जागीच सोडावा, पुढे पाणी ठेवावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. हा आळस समजून चाबूक ओढणारेही आम्ही पाहिले आहेत!

सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी, गवत भरपूर, आणि सकाळ-संध्याकाळ हाती धरून एक फेरी. खर्च काही नाही, उलट दाणा वाचतो.