गादी जाड नको, माप बरोबर हवे

सायकल ही एकेकाळी गरजवंताची सवारी होती. दूधवाला, पेपरवाला, गिरणीकामगार आणि शाळामास्तर यांचा दिवस तिच्यावरच उगवत असे. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र ती पुन्हा रस्त्यावर दिसू लागली आहे. नाशिकचे डॉ. महाजन बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा जोडीने पुरी करून आले. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पुरी केली. त्यांच्याकडे पाहून गावोगावची माणसे २००-३०० किलोमीटरच्या मोहिमांना निघू लागली. डॉक्टरांनी साखर आणि वजन यांची भीती घातल्यामुळे सायकल घेणारे तर त्याहून जास्त आहेत.

गिऱ्हाईक आले की बाजार त्याच्यामागे येतोच. हेल्मेट, दिवे, हातमोजे, बाटल्या सगळे मिळू लागले. परंतु ज्या एका वस्तूवाचून अनेकजण दोन महिन्यांत सायकल सोडून देतात, तिच्याबाबतीत आमचा बाजार अजून कच्चा आहे. ती वस्तू म्हणजे आत गादी शिवलेली सायकलची चड्डी. विषय ऐकून कुणाला हसू येईल. पण ज्याने तासभर चुकीच्या चड्डीत सायकल चालवली आहे तो हसणार नाही.

आम्ही कसे फसलो

आम्ही स्वतः या व्यवहारात फसलो आहोत म्हणून लिहीत आहोत. एका मोठ्या शहरातल्या दुकानात आम्ही चड्डी मागितली. विक्रेत्याने कंबर किती, सीट किती, मांडी किती, यांपैकी एकही माप विचारले नाही. आमच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि 'एल' लिहिलेले पाकीट पुढे केले. गादी बोटाने दाबून दाखवली आणि म्हणाला, ''साहेब, बघा किती जाड आहे, उशीवर बसल्यासारखे वाटेल.'' घालून बघतो म्हटले तर नकार. आम्हीही जाडी पाहून भाळलो, हा आमचा दोष.

पहिल्या चाळीस किलोमीटरमध्येच खरे काय ते कळले. कंबर सैल होती आणि मांडी आवळत होती. त्यामुळे गादी एका जागी न राहता पुढे-मागे सरकत होती. शिवणीची कड जांघेत घासून कातडी सोलली. घरी येऊन चार दिवस खुर्चीवरही नीट बसता येईना. परत करायला गेलो तर ''अंगाला लागलेला माल आम्ही घेत नाही'' हे उत्तर मिळाले. दुकानदाराचे ते म्हणणे आम्हाला पटते, कारण हा अंगालगतचा कपडा आहे. पण मग घेण्याआधी माप विचारायचे आणि घालून बघू द्यायचे, हे कर्तव्य त्याच्यावर दुपटीने येते.

गादी नेमके काय करते

सायकलवर माणसाचे वजन कुल्ल्याखालच्या बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवे. या दोन हाडांच्या मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. वजन तिथे पडले तर बधिरपणा येतो. बधिरपणा ही शरीराने दिलेली सूचना आहे. सवय होईल म्हणून ती अंगावर काढणे धोक्याचे. म्हणजे गादीचे काम हाडांखाली आधार देणे, मधल्या भागावरचा दाब कमी करणे, घाम शोषणे आणि घर्षण थांबवणे हे आहे. उशी होणे हे तिचे काम नव्हे.

जुन्या काळी युरोपातले सायकलस्वार लोकरीची चड्डी घालत आणि तिच्या आत मऊ कमावलेल्या कातड्याचा तुकडा शिवलेला असे. धुतले की ते कातडे कडक होई आणि दर वेळी मलम चोळून मऊ करावे लागे. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने ताणला जाणारा धागा तयार केला. तोच पुढे लायक्रा या नावाने जगभर गेला. १९७० च्या दशकात तो सायकलच्या कपड्यांत आला आणि अंगाला चिकटून राहणारी, न सरकणारी चड्डी शक्य झाली. त्यानंतर कातड्याची जागा कृत्रिम कापड आणि फोमच्या गादीने घेतली.

आता जाडीचा हिशेब पाहू. सोफा किंवा गादी घेताना आपण ''किती डेन्सिटीचा फोम?'' असे विचारतो. ३२ किंवा ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन ३२ किंवा ४० किलो. लांब पल्ल्याच्या चांगल्या सायकल-चड्डीत हा आकडा ८० ते १२० पर्यंत असतो. असा फोम हाताला पातळ आणि काहीसा घट्ट लागतो, पण चार तासांनंतरही दबून सपाट होत नाही. उलट हलका जाड फोम दुकानात बोटाखाली छान दबतो आणि रस्त्यावर अर्ध्या तासात बसतो. शिवाय त्याच्या चुण्या पडतात आणि त्याच चुण्या घासतात. सोफ्यासाठी जो प्रश्न आपण न चुकता विचारतो, तो इथे विचारतच नाही. विक्रेत्यांपैकीही फार थोड्यांना त्याचे उत्तर देता येते.

मापाचा घोळ

खरे दुखणे मापाचे आहे. परदेशी मालाचे 'एम' आणि 'एल' हे तिकडच्या अंगलटीवर बेतलेले असतात. आमच्याकडे पोट सुटलेले आणि मांड्या बारीक असा माणूस पुष्कळ आढळतो; त्याच्या कंबरेला जे बसते ते मांडीला लोंबते. काही देशी कारखानदारांनी परदेशी तक्ता तसाच उचलला आहे. भारतीय शरीराची स्वतंत्र मापे हवीत हे सरकारलाही पटले आहे. म्हणूनच निफ्ट या संस्थेने 'इंडियासाइज' नावाने सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांची मापे यंत्राने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. परंतु चड्डी शिवणाऱ्याने त्याची वाट कशाला पाहावी? आपल्या मोहल्ल्यातला कटिंग मास्टर फीत गळ्यात घालून बसलेलाच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी दुर्लक्ष आहे. स्त्रियांच्या बैठकीच्या हाडांतील अंतर सहसा जास्त असते. म्हणून त्यांची गादी मागे रुंद आणि वेगळ्या आकाराची लागते. अनेक दुकानांत पुरुषांचाच लहान आकार 'लेडीज' म्हणून दिला जातो. ही सरळसरळ दिशाभूल आहे.

दुसरे असे की, अंगाला चिकटलेली चड्डी घालून रस्त्यावर फिरणे अनेक स्त्री-पुरुषांना रुचत नाही. ही आवड जुनाट ठरवून त्यांना बाजारातून वगळण्याचे कारण नाही. गादीची पातळ आतली चड्डी आणि त्यावर नेहमीची पँट, ट्रॅकपँट किंवा सलवार हा सोपा मार्ग आहे. परदेशात डोंगरवाटांवर सायकल चालवणारे लोक असेच करतात. फक्त वरच्या कपड्याची जाड शिवण बैठकीखाली येऊ नये आणि पायचा साखळीत अडकू नये. एवढे मोठे गिऱ्हाईक समोर असताना असा माल दुकानात मागावा लागतो, दर्शनी भागात दिसत नाही.

कारागिरांना संधी

आमचे मुख्य म्हणणे या ठिकाणी आहे. सोलापूरने शालेय गणवेशात नाव कमावले आणि उल्हासनगरने जीन्समध्ये. एकच वस्तू धरून तिची मापे पक्की केली की छोट्या गावाचाही शिक्का चालतो. सायकलची चड्डी ही अशीच वस्तू आहे. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचे नेहमीचे कापड तिला चालत नाही. होजिअरीसारखे, चारी बाजूंनी ताणले जाणारे कापड लागते. ते सुरत आणि तिरुपूरकडून येऊ शकते. साध्या ओव्हरलॉकची उठलेली शिवण चालत नाही. फ्लॅटलॉक मशीन हवे. आठ-दहा तुकड्यांत बेतलेली चड्डी वाकलेल्या शरीराला बसते, चार तुकड्यांची बसत नाही. गादी मात्र तयार विकत घ्यावी, कारण साच्यात घडवलेली गादी घरी करणे परवडत नाही. हे सर्व जमवू शकणारे कारागीर आपल्याकडे आहेत. अनेकजण दुसऱ्यांच्या नावावर जॉबवर्क करून पीसमागे थोडक्या पैशांत राबत आहेत. त्यांनी गावातल्या सायकलवाल्यांची मापे घेऊन दहा-वीस नग शिवावेत, घालणाऱ्याला शंभर किलोमीटर चालवू द्यावे, तक्रार ऐकून बेत सुधारावा. मोठ्या कारखान्याला एका माणसासाठी मांडी अर्धा इंच वाढवता येत नाही; मास्टरला येते. तेच त्याचे भांडवल आहे.

कराची बाजूही अनुकूल झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी हजारच्या वर १२ टक्के होता. म्हणजे बाराशे रुपयांच्या चड्डीवरचा कर १४४ वरून ६० रुपयांवर आला. अडीच हजारांच्या वर मात्र दर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला, म्हणजे महाग परदेशी माल आणखी महाग झाला. त्याच दिवसापासून सायकलीवरचा करही १२ वरून ५ टक्के झाला. बाराशे ते दोन हजारांच्या दरम्यान चांगला, मापाचा माल देणाऱ्याला मैदान मोकळे आहे.

घेणाऱ्यांसाठी चार गोष्टी

पहिली, चड्डी घालून सरळ उभे राहू नका. सायकलवर वाकतो तसे वाका. उभे असताना किंचित घट्ट वाटणारी चड्डी वाकल्यावर बरोबर बसते. बोटाने ओढून गादी अंगापासून सुटत असेल तर ती मोठी आहे. दुसरी, या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. ती घातली की शिवण घासते आणि घाम अडतो. तिसरी, प्रत्येक फेरीनंतर उलटी करून थंड पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. घामट गादी पुन्हा घातली की फोड ठरलेलेच. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नका, त्याने कापडाचे घाम शोषणे कमी होते. चौथी, सीटची उंची किंवा रुंदी चुकली असेल तर कोणतीही चड्डी उपयोगाची नाही. आधी सीट दुरुस्त करा.

दुकानदारांना आमची विनंती एवढीच की, फीत हाताशी ठेवा, पाकिटावर कंबर, सीट आणि मांडी यांची मापे सेंटिमीटरमध्ये लिहा, आणि घालून बघण्यासाठी एक नग वेगळा ठेवा. साध्या पातळ चड्डीवरून तो घालू दिला तर स्वच्छतेचा प्रश्नही राहत नाही. यात फार खर्च नाही. चुकीची चड्डी विकून एकदा नफा मिळतो. पण दुखावलेला माणूस सायकलच सोडतो आणि मग त्याच्याकडून टायरही विकत घेतला जात नाही, ट्यूबही नाही. मापून दिलेला माल गिऱ्हाईक टिकवतो, हे आपले जुने दर्जी सांगून गेले आहेत. आजच्या बाजाराने ते ऐकावे.